पिवळ्या कागदावरची सही

विद्यापीठाच्या प्रवेश विभागातल्या हेडक्लार्क बाईंना सगळे तक्तेबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठ वळली की तक्तेबाई, आणि हे त्यांना ठाऊक होतं. नाव काही चुकीचं नव्हतं. कुठल्या अभ्यासक्रमाला किती मुलगे, किती मुली, किती टिकले, किती गळले, याचा वार्षिक तक्ता त्या गेली तेवीस वर्षं काढत होत्या. आडवी बेरीज उभ्या बेरजेशी जुळल्याशिवाय त्या घरी गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एकदा दोनाचा फरक राहिला म्हणून त्यांनी नवऱ्याला एकट्यालाच लग्नाला पाठवून दिलं होतं, तेही सख्ख्या पुतणीच्या.

अशा या बाईंच्या टेबलावर एका सोमवारी सकाळी कुलसचिवांची चिठ्ठी येऊन पडली. यंत्रशाखेत एकशेवीस जागांवर मुली फक्त अकरा. परिचर्येच्या, म्हणजे नर्सिंगच्या वर्गात मुलगे फक्त दोन. वरून विचारणा झाली आहे, तरी कारणे आठ दिवसांत कळवावीत. चिठ्ठीला टाचणीने बाईंचाच गेल्या वर्षीचा तक्ता जोडला होता आणि अकरा आणि दोन या आकड्यांभोवती लाल पेनाने गोल काढले होते.

बाईंचा पारा चढला. अर्ज भरायचा शेवटचा आठवडा होता, गुरुवारी पाचला मुदत संपायची होती, सहा खिडक्यांसमोर सहा रांगा लागल्या होत्या, झेरॉक्सच्या मशीनने सकाळीच मान टाकली होती, आणि या माणसाला आत्ता कारणं हवी होती. वर्षानुवर्षं हाच तक्ता जात होता, हेच आकडे होते, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता वरून कुणी खोकलं की लगेच इथे सगळ्यांना ताप.

समिती नेमली गेली. समिती नेमली की निम्मं काम झालं असं विद्यापीठात मानतात. बाईंना सदस्य म्हणून नव्हे, तर माहिती पुरवण्यासाठी बोलावलं होतं. म्हणजे मागच्या खुर्चीवर बसायचं, विचारलं तर बोलायचं आणि चहाचे कप कमी पडले तर आपण नको म्हणायचं.

यंत्रशाखेचे प्रमुख, ज्यांना सगळे यंत्रसर म्हणत, त्यांनी सुरुवात केली. मुलींना तेल, ग्रीस, आवाज यांचं वावडं असतं, हा त्यांचा मुद्दा. पुरावा म्हणून त्यांनी स्वतःच्या बायकोचा दाखला दिला. साधा दिवा बदलायचा तरी ती यांना हाक मारते. परिचर्येच्या प्राचार्या म्हणाल्या की मुलग्यांच्या अंगी सोशिकपणाच नसतो, चार दिवस कुणाची उशापायथ्याशी बसून सेवा करायची वेळ आली की पायाला पाय लावून पळतात. समाजशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी डोळे मिटून सांगितलं की हे सगळं फार खोलवर रुजलेलं आहे. किती खोल, तर शोधायला दोन वर्षं आणि दोन सहायक लागतील इतकं खोल.

बाई ऐकत होत्या आणि आतल्या आत धुमसत होत्या. दीड तास झाला तरी एकानेही मागच्या वर्षांचे तक्ते मागितले नव्हते. शेवटी कुलसचिवांनी मान वळवून, तुम्हाला काय वाटतं, असं विचारलं. ते शिष्टाचार म्हणून विचारलं होतं, पण बाईंनी संधी सोडली नाही.

"माझी मुलगी या वर्षी यंत्रशाखेला अर्ज करतेय," त्या म्हणाल्या. "तिला घरी कुणी अडवलं नाही, इथेही कुणी अडवणार नाही. ज्यांना जायचं असतं त्या जातात. बाकीच्यांना धाडसच नसतं, त्याला ऑफिस काय करणार?"

यंत्रसरांनी कौतुकाने मान डोलावली. बाईंना वाटलं, सुटले. कारण मिळालं, दोन ओळींत लिहून टाकू.

मुलीबद्दल बाई बोलल्या त्यात खोटं काही नव्हतं. पोरगी सहा वर्षांची असताना तिने बापाच्या हत्यारांच्या पेटीतली पक्कड उचलली आणि जेवतानासुद्धा खाली ठेवली नाही, तेव्हापासून बाप तिला पक्कडच म्हणत असे. बाप शहर बसचा ड्रायव्हर. त्याने तिला काही शिकवलं असंही नाही, फक्त कधी हातातून काढून घेतलं नाही. दहाव्या वर्षी तिने शिवणाचं मशीन उघडलं आणि परत जोडलं. बाराव्या वर्षी शेजारच्या काकूंच्या मिक्सरचं पोस्टमॉर्टेम केलं, त्यात दोन स्क्रू उरले, पण मिक्सर चालू झाला. आता अठराव्या वर्षी कपडे धुण्याचं मशीन बिघडलं तर मेकॅनिकला फोन करायची पद्धतच घरात राहिली नव्हती. घरातला एकही टॉवेल मात्र धड राहिला नव्हता. सगळ्यांवर काळे पंजे. त्यावरून बाई रोज तिच्या नावाने ओरडत. टॉवेलवरून ओरडत हं, मशीनवरून नाही. हा फरक बाईंच्या मनात अगदी स्वच्छ होता. तो पोरीच्याही मनात तेवढाच स्वच्छ असेल, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

अर्जाच्या बाबतीत बाईंनी एक तत्त्व पाळलं. हेडक्लार्कची मुलगी म्हणून मागच्या दाराने अर्ज आणायचा नाही, कुणाला ओळख सांगायची नाही, चारचौघींसारखं रांगेत उभं राहायचं. याचा त्यांना इतका अभिमान होता की अर्जाविषयी त्या घरी एक अवाक्षर बोलल्या नाहीत. पोरगी गुरुवारी शेवटच्या दिवशी अडीच तास रांगेत उभी राहिली आणि अर्ज देऊन आली.

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर बाईंनी पोचपावती मागितली. शिक्का नीट उमटलाय की नाही एवढंच बघायचं होतं, शाई कमी असली की खिडकीवाले नुसता शिक्का टेकवतात. शिक्का व्यवस्थित होता. त्याखाली लिहिलं होतं, पहिली पसंती वस्त्ररचना, दुसरी गृहविज्ञान, तिसरी शिक्षणशास्त्र.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग जो तोंडाचा पट्टा सुटला तो पाच मिनिटं थांबला नाही. एवढी वर्षं घर म्हणजे गॅरेज करून ठेवलं ते काय गंमत म्हणून? आयत्या वेळी शेपूट घातलं? कुणी कान भरले? आत्याने? त्या आत्याला मागच्याच महिन्यात कुठेतरी म्हणताना ऐकलं होतं की मशीनवाल्या पोरीला सून म्हणून कोण घेणार. की मैत्रिणी वस्त्ररचनेला चालल्या म्हणून मेंढरासारखी मागे गेली? आणि मी तिकडे भर समितीत छाती पुढे काढून सांगून आले, आता तोंड कुठे लपवू?

पोरगी भाताचं एकेक शीत ताटाच्या कडेला लावत बसली होती. बाप घास हातात धरून दोघींकडे आळीपाळीने बघत होता.

"यंत्र का नाही लिहिलंस?" बाईंनी शेवटी सरळ विचारलं.

"नव्हतं ना."

"काय नव्हतं?"

"कागदावर नव्हतं, आई."

ती उठली, पिशवीतून एक घडी घातलेला पिवळा कागद घेऊन आली आणि आईच्या ताटाशेजारी ठेवला. अभ्यासक्रमांची यादी, वीस नावं, प्रत्येकापुढे क्रमांक. बाईंना तो कागद वाचायची गरज नव्हती. टायपातला तिसऱ्या ओळीतला वर सरकलेला आकडासुद्धा त्यांना पाठ होता.

"यात नसलेलं पुस्तिकेत असतं," बाई म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता. "खिडकीवर मागायची."

"मागितली. काका म्हणाले, मुलींना हाच कागद, मागे रांग बघ केवढी आहे." पोरगी परत आपल्या ताटावर बसली. मग ताटाकडे बघतच म्हणाली, "आणि खाली तुझी सही होती. मला वाटलं, तुला तोंडावर सांगता येईना, म्हणून कागदावर सांगितलंस."

बापाने घास ताटात परत ठेवला, कागद उचलून दिव्याखाली धरला आणि हळूच विचारलं, सही तुझीच आहे ना? बाईंनी मान हलवली. सही त्यांचीच होती.

ती कशी होती, हे सांगायला एकोणीस वर्षं मागे जावं लागेल. त्या साली प्रवेशाची रांग विद्यापीठाच्या फाटकाबाहेर, बसथांब्याच्याही पुढे गेली होती. उन्हात तिघं चक्कर येऊन पडले. तेव्हाचे कुलसचिव खिडकीमागे येऊन सगळ्यांना नाही नाही ते बोलून गेले. रांग हलत नव्हती, कारण अभ्यासक्रमांची पुस्तिका चौदा पानांची, त्यात एकशेबासष्ट नावं, मुंगीएवढी अक्षरं. खिडकीपाशी आलेला प्रत्येक जण ती चाळत उभा राही. तेव्हा बाई तरुण होत्या, नव्या नव्या तक्त्यांच्या प्रेमात होत्या. त्यांनी तक्ता काढला आणि पाहिलं, की शंभरातले नव्वद जण त्याच त्या वीस-पंचवीस विषयांना जातात. मग सगळ्यांना एकशेबासष्ट नावं कशाला दाखवायची? मुलींचे विषय थोडे वेगळे, मुलग्यांचे थोडे वेगळे, म्हणून त्यांनी दोन याद्या केल्या. मुलींचा पिवळा कागद, मुलग्यांचा हिरवा. ज्या विषयाला गेल्या वर्षी पन्नासपेक्षा कमी मुली, तो पिवळ्यावर नाही. पन्नासपेक्षा कमी मुलगे, तो हिरव्यावर नाही. पुस्तिका खिडकीवर मागितल्यास मिळेल, अशी एक ओळ तळाशी. त्याखाली बाईंची सही.

रांग अर्ध्यावर आली. बाईंना प्रशस्तिपत्र मिळालं, ते अजून कपाटावर चौकटीत होतं. तेव्हापासून दरवर्षी नवा तक्ता निघाला की त्यावरून नव्या याद्या निघत, आणि त्या याद्यांवरून पुढचा तक्ता.

शुक्रवारी बाई नेहमीपेक्षा तासभर आधी ऑफिसात गेल्या. जुन्या तक्त्यांचे गठ्ठे कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात होते. त्या सरळ फरशीवर बसल्या आणि गाठी सोडायला लागल्या. याद्या सुरू होण्याच्या आदल्या वर्षी यंत्रशाखेत मुली एक्केचाळीस. पुढच्या वर्षी नऊ. त्याच्या पुढे सात, दहा, आठ, अकरा. परिचर्येत मुलगे अडतीस होते, ते चारावर आले आणि कधी पाचाच्या वर गेले नाहीत.

सगळं त्यांच्याच अक्षरात होतं. एक्केचाळीसनंतर नऊ हे त्यांनी स्वतःच्या हाताने, रेघा आखून, एकाखाली एक लिहिलं होतं, आणि खाली बेरीज जुळली म्हणून बरोबरची खूण केली होती. पुढे अठरा वर्षं बेरीज जुळत राहिली, आणि बेरीज जुळली की बाई बाकीचं बघतच नसत. त्यांना स्वतःची इतकी चीड आली की हातातला गठ्ठा भिंतीवर आपटावासा वाटला. पण गठ्ठा जुना होता, कागद सुटे झाले असते, म्हणून त्यांनी तो नीट बांधून ठेवला. राग आला तरी हाताला वळण तेच.

मग त्या पहिल्या खिडकीवरच्या कारकुनाकडे गेल्या. त्याला सगळे खिडकीकाका म्हणत, कारण तीस वर्षांत त्याने दुसरी जागा पाहिली नव्हती. पुस्तिका कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. काकाने आधी कानावर हात ठेवले, मग आठवून आठवून एका कपाटाची किल्ली शोधली. सहा खिडक्यांना मिळून पुस्तिका एक होती. ती पळवतात म्हणून सुतळीने बांधून कुलपात ठेवली होती. गेल्या तीन वर्षांत कुणाला दिली का, तर नाही. मागतात का, तर मागतात की, रोज दहा-वीस जण मागतात, पण प्रत्येकाला देत बसलं तर बाई, तुमचीच रांग लांबेल. आम्ही रांग सांभाळतो. हे त्याने इतक्या अभिमानाने सांगितलं की बाईंना त्याच्यावर ओरडताही येईना. हे सगळं त्यांनीच शिकवलं होतं.

कुलसचिव अकराला आले. बाईंनी दोन तक्ते, एक पिवळा कागद आणि एक हिरवा कागद त्यांच्या टेबलावर ओळीने मांडले आणि काय झालं ते सांगितलं. सगळे अर्ज परत करून पूर्ण पुस्तिकेसह पुन्हा मागवावे लागतील, हेही सांगितलं. कुलसचिव हुशार माणूस, त्यांना पहिल्याच वाक्यात कळलं. कळल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर दार लावून घेतलं.

त्यांचं म्हणणं असं, की सहा हजार दोनशे चाळीस अर्ज आलेत. सोमवारपासून जागावाटप. तक्रार कुणाचीच नाही. समितीला यंत्रसर स्वतः बारा पानांचं टिपण देणार आहेत, त्यात कारणं येतीलच. पुढच्या वर्षी याद्या बंद करू, शांतपणे, गाजावाजा न करता. एकोणीस वर्षं चाललं, एक वर्ष आणखी. बाईंची निवृत्ती तीन वर्षांवर आलीय, एवढ्या चांगल्या नोकरीवर शेवटी डाग कशाला?

"आणि तुमच्या मुलीचा अर्ज तेवढा दुरुस्त करून घ्या," ते म्हणाले. "किल्ली तुमच्याकडेच असते ना? कुणी विचारणार नाही."

बाई उठल्या. खरं सांगायचं तर मोह झाला. त्यांनी आतल्या खोलीचं कुलूप काढलं, गुरुवारचा गठ्ठा काढला, पोरीचा अर्ज शोधला आणि पेन उघडलं. एक ओळ खोडायची, एक लिहायची, बाजूला आपली आद्याक्षरं घालायची. पोरीचे गुण चांगले होते, जागा नक्की मिळाली असती. अर्ध्या मिनिटाचं काम. तो अर्ज नीट सरळ धरता यावा म्हणून त्यांनी त्याच्या खालचा अर्ज बाजूला सरकवला.

खालचा अर्ज कुणा मुलाचा होता. पसंतीच्या चौकटीत वाणिज्य लिहिलं होतं. पण समासात, पेन्सिलने, इतकं बारीक की वाचायला अर्ज डोळ्यांजवळ न्यावा लागला, त्याने लिहिलं होतं: परिचर्या आहे का? नसेल तर वाणिज्य चालेल.

बाईंनी पुढचा काढला. त्यात काही नव्हतं. त्याच्या पुढच्यातही नव्हतं. मग एका मुलीच्या समासात नुसतं 'यंत्र?' असं लिहून खोडलेलं होतं. आणखी पंधरा-वीस अर्जांनंतर एका मुलाने बालशिक्षण लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. अर्ज तपासणाऱ्या मुलींनी या समासांवर शिस्तीत फुल्या मारल्या होत्या, कारण समासात काही लिहिलं असेल तर ते विचारात घ्यायचं नाही, असा नियम होता. तो नियमही बाईंचाच. गुरुवारचा गठ्ठा संपेपर्यंत त्यांनी तेवीस समास मोजले, आणि गठ्ठे अजून अकरा होते.

समितीत आपण बोललो ते वाक्य त्यांना आठवलं. बाकीच्यांना धाडसच नसतं. ही पोरं अडीच तास रांगेत उभी राहिली, खिडकीवर विचारलं, झिडकारून घेतलं, आणि तरी समासात लिहून गेली. कुणीतरी वाचेल म्हणून. बाईंना तिथे त्या खोलीत एकटीला रडू आलं, आणि रडताना त्यांना अर्ज भिजतील म्हणून गठ्ठा लांब सरकवावा लागला.

मग त्यांनी पेन बंद केलं, पोरीचा अर्ज होता तिथे परत घातला आणि नियमांचं पुस्तक काढलं. नियम सत्तेचाळीस. कार्यालयीन चुकीमुळे अर्ज सदोष झाल्यास तो विद्यार्थ्यास परत करावा व सात दिवसांची मुदत वाढवून द्यावी. त्यासाठी कुलसचिवांची सही लागत नसे, फक्त ज्याची चूक त्याची लागत असे. नियम होऊन बावीस वर्षं झाली होती आणि तो एकदाही वापरला गेला नव्हता. आपली चूक आहे असं लिहून देणारा माणूस विद्यापीठात अजून जन्माला यायचा होता.

बाईंनी सहा हजार दोनशे चाळीस अर्जांसाठी एकच पत्र केलं. पिवळी व हिरवी यादी मी तयार केली, त्यामुळे अर्जदारांना पूर्ण अभ्यासक्रम दिसले नाहीत, चूक माझी आहे. खाली सही केली. ही सही त्यांना नेहमीपेक्षा लहान आली. समितीच्या खुलाशाला त्यांनी त्याच पत्राची प्रत जोडली, त्यावर वेगळं काही लिहिलं नाही.

पुढचे चार दिवस काय झालं ते विचारू नका. कुलसचिवांनी दार न लावता आवाज चढवला. निवृत्तीच्या कागदांत शेरा जाईल हे त्यांनी दोनदा सांगितलं, आणि तो गेलाच. यंत्रसरांना सगळ्यात जास्त दुःख झालं, कारण त्यांची बारा पानं वाया गेली. त्यांनी बाईंना जिन्यात गाठून विचारलं की निदान तेलाचा मुद्दा तरी ठेवता येणार नाही का. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढचा मजला न बोलता चढले. खिडकीकाका पहिल्या दिवशी रुसून बसला, दुसऱ्या दिवशी मात्र आपणहून शिक्का घेऊन आला. दोघांनी मिळून अर्जांवर 'कार्यालयीन चूक, परत' असे शिक्के मारले. शाईच्या तीन बाटल्या संपल्या. कुलूप काढून ती एक पुस्तिका झेरॉक्सवाल्याकडे गेली आणि तिच्या चारशे प्रती झाल्या.

घरी बाईंनी पोरीला पत्राची प्रत दिली. तिने ती वाचली, परत वाचली, मग म्हणाली की तू माझ्या एकटीचा अर्ज बदलला असतास तरी मी कुणाला सांगितलं नसतं. बाई म्हणाल्या, माहितेय. आणि टॉवेलवरून मी रागावते ते फक्त टॉवेलवरून, तो धुवायला टाकत जा, एवढंच, त्यात दुसरं काही नसतं, हे आज नीट ऐकून ठेव. पोरगी पहिल्यांदाच हसली आणि म्हणाली, ते पण कागदावर लिहून सही करून दे.

बुधवारी खिडक्या पुन्हा उघडल्या. नऊ वाजता रांग फाटकापर्यंत होती, दहाला बसथांब्याच्या पुढे गेली. मुलं आणि आईबाप उन्हात उभे राहून विद्यापीठाचा आणि विशेषतः कुणा एका हेडक्लार्कचा उद्धार करत होते. बाईंना ते आत ऐकू येत होतं. एकोणीस वर्षं त्यांनी ही रांग आखूड ठेवण्यात घालवली होती, आणि आज ती त्यांच्याच सहीने परत तिथेच जाऊन पोचली होती. जीव मेटाकुटीला आला होता. त्या खिडकीकाकाच्या मागे उभ्या राहून पाण्याचे पेले भरून बाहेर पाठवत होत्या, कुणाला चक्कर येऊ नये म्हणून.

साडेअकराच्या सुमाराला पहिली खिडकी अडली. हलेचना. मागचे ओरडायला लागले. काका वळून हताशपणे म्हणाला, बाई, तुम्हीच सांगा आता, मी काय बोलणार. बाईंनी वाकून जाळीतून पाहिलं. पोरगी उभी होती, कोपर खिडकीच्या फळीवर टेकवून, समोर चौदा पानी पुस्तिका उघडी, बोट ओळीवरून सावकाश खाली सरकत होतं.

बाईंचा संताप उफाळून आला. तुला जे हवं ते तुला सहाव्या वर्षापासून माहीत आहे, मग इथे कादंबरी वाचतेस का, मागे शंभर माणसं उन्हात उभी आहेत, आणि त्यात माझ्या नावाने खडे फोडताहेत.

"पहिली पसंती लिहून झालीय," पोरगी मान वर न करता म्हणाली आणि अर्ज जाळीखालून थोडा पुढे सरकवला. पहिल्या चौकटीत ठळक अक्षरांत यंत्र लिहिलं होतं. "दुसरी आणि तिसरी राहिलीय. बाकी काय काय होतं ते तरी बघू दे, आई."

काकाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी रांगेकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"कितव्या पानावर आहेस?" त्यांनी विचारलं.

"चौथ्या."

बाईंनी एक स्टूल ओढलं आणि त्या खिडकीपाशी बसून राहिल्या.